तिसरा तास, न दिसणारा उजेड

शाळेला मिळालेला मोठा टीव्ही
कार्यालयात आहे, भरतकामाच्या रुमालाखाली.
किल्ली कुदळे सरांकडे
आणि कुदळे सर मतदार याद्यांवर.
म्हणून मुलांना सांगितलं होतं,
घरून रिमोट आणा. कुठलाही.

सातवी ब, बोपोडी.
एकोणीस रिमोट आले.
पिशवीत गुंडाळलेले, रबरबँड लावलेले,
एकाला पाठच नाही, सेल चिकटपट्टीने धरलेले,
एक चक्क पंख्याचा,
आणि एक संघशीलचा,
ज्याचा टीव्ही दिवाळीआधीच मामाने नेला.
"चालेल ना, बाई?"
चालेल. सेल आहेत का?
"एक टॉर्चमधला. एक घड्याळातला.
घरी सकाळपासून पावणेसातच वाजलेत."

मी फोन काढला,
कोपऱ्यात तडकलेला, चार हप्ते बाकी असलेला,
आणि पुस्तकातलं वाक्य म्हटलं:
काही उजेड डोळ्यांना दिसत नाही.
दाबा बटण. आता कॅमेऱ्यातून बघा.

काहीच दिसेना.
दुसरा रिमोट. तिसरा.
खिडकीला पडदा नाही म्हणून नकाशा टांगला,
कोकणाच्या बाजूने ऊन आत येतच राहिलं.
रात्री जमलं होतं हो, बहिणीच्या फोनवर.
मागच्या बाकांवर खुसफुस,
खडकीकडून फॅक्टरीचा भोंगा,
माझ्या कानशिलांवर घाम.

तेव्हा अफसाना,
जी हजेरीलाही नुसती मान हलवते, ती म्हणाली,
"बाई, सेल्फीवाला लावा."
का गं?
"मागचा भारी असतो. भारीवाला गाळून घेतो.
आमच्या अब्बांच्या टपरीवर..."
पुढचं तिने गिळलं.

कॅमेरा फिरवला.
आधी आमचीच तोंडं आली,
दात, वेण्या, माझा पांढरा होत चाललेला भांग,
आणि मधोमध, संघशीलच्या मुठीत,
जांभळट ठिपका
लुकलुकायला लागला.
रिमोटकडे बघावं तर काही नाही.
फोनमध्ये बघावं तर आम्ही, आणि तो.
चाळीस जण गप्प.
माझ्या तासाला असं कधी होत नाही.

"आवाज वाढव," कुणीतरी म्हणालं.
त्याने वाढवला.
"चॅनल बदल."
बदलला.
भिंतीपलीकडे कुणाचा टीव्ही
आपोआप बदलला असेल का,
यावर दहा मिनिटं भांडण.
मी होऊ दिलं.

संध्याकाळी वह्या तपासल्या.
अफसानाची आकृती नेटकी, फक्त बाण विसरलेत.
संघशीलने अनुमान लिहिलंय:
टीव्ही नसला तरी रीमोट बोलत असतो.
पुस्तकात असं अनुमान नाही.
लाल पेनने मी 'री'ची वेलांटी ऱ्हस्व केली,
बाकी राहू दिलं.

आणि विचारायचं राहूनच गेलं,
घड्याळात सेल घातलास का रे?