एक तास मिळवा

नकाशा सरळ राहत नाही. एका कोपऱ्यावर लोण्याचं भांडं,
दुसऱ्यावर सार्डिनचा न उघडलेला डबा,
तिसऱ्यावर तुगदुआलचं कोपर, पिठाने पांढरं,
बेकरीतून तो थेट इकडेच आलाय.
चौथा कोपरा राहून राहून वर येतो.
येऊ दे. तिथे नुसता खोल समुद्र आहे.

कामारेहून दक्षिणेला सोळा मैल,
मग ती खिंड, जिथून अख्खा समुद्र
दाराच्या फटीतून निघाल्यासारखा निघतो.
उधाणात तिथे पाणी उभं राहतं.
आझेनोरच्या बापाने ते एकदा पाहिलं होतं.
पुढे जन्मभर त्या बाजूचा विषय निघाला
की तो टोपी काढायचा आणि परत घालायचा.
बस्स, एवढंच.

म्हणून भांगाची भरती हवी.
भरती-ओहोटीचं पंचांग उघडतो. रोज एक आकडा,
वीसपासून एकशेवीसपर्यंत, जितका मोठा तितका समुद्र द्वाड.
शंभरावरचे दिवस आझेनोर लाल पेन्सिलने मारते,
मग सत्तरावरचे,
मग तिची नात येणार तो आठवडा.
उरलेल्यांतून रिवाल मारतो:
मंगळवार. गुरुवार. शनिवार.
पुन्हा मंगळवार.
‘माझंही एक बंदर आहे,’ म्हणतो,
‘चार तास धक्क्याला बांधून ठेवतात,
रक्त बाहेर जातं, धुऊन आत येतं.’

चंद्र आणि ब्रेस्तचं इस्पितळ.
दोघंही कुणाचं ऐकत नाहीत.

दोघांनाही चालेल अशी सप्टेंबरात एकच जोडी निघते,
दुसरा रविवार आणि त्याला लागून सोमवार.
आकडा बेचाळीस.
भरती अकरा दहाला. तिच्या अर्धा तास आधी
खिंडीतलं पाणी थबकतं, म्हणजे दहा चाळीस.
सोळा मैल, ताशी चार.
सहा चाळीसला नांगर उचलायचा.
‘थबकलेलं पाणी चांगलं दिसतं,’ रिवाल म्हणतो,
तीस वर्षं त्याने बेटाची फेरीबोट हाकली,
‘पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा तो वीस मिनिटं.’

मी कॉफी ओतते. तो कपावर तळहात ठेवतो.
दिवसाला अर्धा लिटर, सूप धरून,
पावसात तोंड उघडं राहिलं तर तेही धरून.
आम्ही हसतो. मग हसायचं थांबतो.
तुगदुआल यादीत लिहितो: पाव सहा,
त्यातला एक बिनमिठाचा.

रात्री दात घासताना मला आठवतं.
पंचांग हिवाळ्याच्या घड्याळाने छापतात.
पहिल्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
उन्हाळ्यात एक तास मिळवा.
चार माणसं, सगळ्यांची मिळून दीडशे वर्षं पाण्यावर,
आणि एकालाही सुचलं नाही!

सव्वाअकराला फोन लावते.
रिवाल पहिल्याच घंटेला उचलतो,
तहानलेल्या माणसाला लवकर झोप नसते.
‘ठाऊक होतं,’ म्हणतो.
‘मग बोलला का नाहीस?’
बराच वेळ नुसती फोनची खरखर.
‘तासभर आधी पोचलो तर
म्हातारीपाशी शीड उतरवून थांबावं लागेल.’
(त्या दीपस्तंभाचं नावच म्हातारी.)
‘तीस वर्षं तिच्यासमोरून गेलो.
फेरीबोटीला वेळापत्रक असतं,
एकदाही थांबलो नाही.’
‘अरे, पण प्रवाह मागे ढकलेल.’
‘ढकलू दे. उत्तरेला घरच आहे.’

मी खोडरबर काढलेलं असतं. ते परत डब्यात टाकते.
लोण्याचं भांडं उचलताच नकाशा
आपला आपणच गुंडाळला जातो,
खिंड, म्हातारी, सोळा मैल, सगळं आत.

सकाळी आझेनोरला सांगावं लागेल.
ती चिडणार. तिला चूक चालते,
मुद्दाम ठेवलेली चूक चालत नाही.