व्हाळ

पंचायतीच्या हॉलात एकच पंखा चालू.
खुर्च्या भिंतीला सरकवल्या, फरशीवर
पांढऱ्या चिकटपट्टीने चौकोन आखला:
एवढ्यातच चालायचं, पुढे गेलं की वायर ओढते.

सात महिने मी हा डोंगर बांधत होते.
मे महिन्याच्या कोरड्या उजेडात ड्रोनने टिपलेला,
अकरा हजार फोटो, एकात एक शिवलेले.
बोटाने वर्षं सरकतात:
पाचव्या वर्षी सड्याचा खांदा उतरतो,
बाराव्या वर्षी पायऱ्यापायऱ्यांचा तांबडा खड्डा,
तिसाव्या वर्षी खाण बंद, सगळं हिरवं,
तळाशी निळं तळं. त्यात ढगसुद्धा.

सरपंचांनी पाहिलं, मान डोलावली.
दोन पोरं किंचाळली आणि पुन्हा रांगेत लागली.
मग द्वारका आरोलकर. अंबाडा आड येत होता,
तो सोडला, हेडसेट चढवला.

'माझो मळो खंय?'
डावीकडे वळा, म्हटलं.
वळली. चालली. चौकोनाच्या मधोमध थांबली,
लुगडं चार बोटं वर धरलं
आणि काहीच नसलेल्या फरशीवर
लांब ढांग टाकून पलीकडे गेली.

कोणीतरी हसलं. मीही, थोडी.
पडद्यावर तिथे सपाट माती होती.

'हयसर व्हाळ आसा,' ती म्हणाली.
'तुका दिसलो नसतलो. तू उन्हाळ्यात इलंस.'

मी घाईने वर्षं पुढे ढकलली. तिसावं. हिरवं.
ती बराच वेळ मान फिरवत राहिली.
'ह्यां एकच झाड कितीदा लावलंस गो?'

नऊशे वेळा.
एकच अकेशिया, प्रत्येक खेपेला जरासा वळवून,
कळू नये म्हणून.

'आणि तळ्यात पाणी खंयच्यान इला?'
पाण्याची पातळी मी टाइप केली होती.
हे काही मी बोलले नाही.

रात्री वेंगुर्ल्याच्या लॉजवर फाइल उघडली.
नवा प्रवाह, कळ दाबली.
सॉफ्टवेअरने विचारलं: रुंदी?
मी उठले, दोन खाटांच्या मधे
सलवार वर धरून एक ढांग टाकली,
टेप लावून मोजली. ब्याण्णव सेंटिमीटर.
पण मी तिच्याहून उंच आहे.

खोली?
कोणत्या महिन्यांत?
कुठून येतो?
रकाने रिकामे, कर्सर लुकलुकत.
सकाळची साडेसहाची एसटी
मी जाऊ दिली.