सातवी पायरी

या घराला जिना नाही,
हे मी दारातच सांगते.
तरी माणसं ओल्या बुटांनी आत येतात,
छताकडे बघत राहतात,
जणू मीच तो कुठे दडवलाय.

ती लेखिका इथे उतरली होती, तीन आठवडे.
नवऱ्याची आत्या तिला सार्डिन तळून द्यायची.
बाई खोकायची. भाडं थकवलं,
आणि जाताना खिडकी तेवढी घेऊन गेली:
बाराव्या पानावर आहे ती, तडकलेल्या काचेसकट.
जिना कुणाचा उचलला, देव जाणे.

सातव्या पायरीवरून मुलगी पडते म्हणे.
बेल्जियमहून आलेली एक बाई तर
रडली इथे, कोळशाच्या टोपलीपाशी.
चहा दिला तिला. काय करणार?

मग डेन्झिलने फुटक्या होडीच्या फळ्या आणल्या,
भिंतीला जिना ठोकला.
आढ्याला डोकं लागतं, तिथे संपतो.
लोक खूश.

एरवी आम्ही त्यावर कांदे टांगतो.
सातवीवर मांजर झोपतं.

परवा वरची माळ काढायला चढले.
मांजर बाहेर होतं.
तरी सहावीवरून उचललेला पाय
मी थेट आठवीवर ठेवला.