ऑलिव्ह तेल नको

बदामाचं चालेल, ती पहिल्याच दिवशी म्हणाली,
नाहीतर नुसतं कोमट पाणी. पण ऑलिव्ह तेल नको.
एकतीस वर्षं मी त्याच तेलात मासे बुडवले,
आता मला त्यात बुडवू नका.

नाव एर्मेलिंडा.
मातोझिन्युशच्या बंदरामागं, डब्यांच्या कारखान्यात,
एका डब्यात पाच सार्डिन:
डोकं, शेपटी, डोकं, शेपटी, डोकं.
उजव्या हातात दिवसभर कात्री.
कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली.
मी तिचा अंगठा उघडतो,
तो कात्रीसारखा परत मिटतो.

मी डॉक्टर नाही. हे मी दर मंगळवारी सांगतो,
ती दर मंगळवारी मान हलवते.
गोळ्या डॉक्टर केइरोशच्या, रक्ताचे आकडे त्यांचे,
गोळी वाढवायची की कमी, तेही त्यांचंच.
माझ्या वाट्याला चाळीस मिनिटं,
एक गरम टॉवेल, तेलाची वाटी.
सांध्यात जे पेटलंय ते माझ्यानं विझायचं नाही.
गल्लीत आग लागली की माणसं
शेजारची घरं भिजवून ठेवतात ना,
तेवढंच.

सूज कढत असेल तर तिला हात लावायचा नाही.
शिकायला सगळ्यात जास्त दिवस मला हेच लागले.
विशीत माझे हात मस्तवाल होते,
दुखतंय तिथंच रुतायचे,
लोक कळवळायचे आणि वर बक्षिशी द्यायचे.
एकदा आदेरितुनं माझं मनगट धरलं.
त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणाला,
आत माणूस आजारी आहे, दार बडवू नकोस.
शेजारी जा. हळू आवाजात चौकशी कर.

म्हणून मी तिच्या खांद्यापासून निघतो,
दंड, कोपर, मग पुढचा हात,
जिथं स्नायू उगाच पहारा देत ताठ उभे असतात,
त्यांना सांगतो, बसा आता.
मनगटाच्या अलीकडे थांबतो.
गोदीतला माझा बाप म्हणायचा,
हात राखून काम करणारा माणूस चोर.
माझं पोट आता हात राखण्यावरच चालतं.

जूनमध्ये सांव झ्वांवच्या आदल्या दिवशी ती आली.
रस्त्यांवर शेगड्या, सगळ्या गावाला सार्डिनचा धूर.
बोटांची पेरं लाल, चकचकीत.
मी म्हणालो, आज हात नको.
मग पाय द्या, ती म्हणाली, म्हणजे घ्या.
आम्ही दोघं हसलो.
तळपायांना नुसते तळहात लावून बसलो,
दाब नाही, काही नाही,
आणि ती घोरायला लागली.
रात्रभर ठणक्यानं झोप नव्हती, उठल्यावर म्हणाली.
सूज होती तिथंच होती.

कधी दोन दिवस बरे जातात तिला,
कधी खालच्या ट्रामच्या थांब्यापर्यंतच.
एकदा तिनं संत्रं सोललं, सालीसकट दाखवायला आणलं.
पुढच्या मंगळवारी कोटाची बटणं
नातवानं लावून दिलेली होती, एक घर चुकवून.
मी ती नीट लावली नाहीत.

चाळीस मिनिटं झाली की ती पर्स काढते.
पर्सच्या झिपला तिनं दोऱ्याचं कडं बांधलंय,
त्यात करंगळी अडकवून ओढते.
मदत करायला माझे हात शिवशिवतात.
मी खिडकीबाहेर बघतो,
बंदरात एक क्रेन रिकामीच फिरत असते.
झिप उघडायला जितका वेळ लागतो
तितका वेळ मी क्रेन बघतो.

मग टेबलावर नाणी.
बोटांत धरवत नाहीत, तळहाताच्या कडेनं सरकवते,
एकाला एक चिकटून, ओळीत,
फट राहू न देता.
छापा, काटा,
छापा, काटा,
छापा.