अकरा महिन्यांचा करार

केदारी पहिल्यांदा भेटला तेव्हा मला मॅडम म्हणाला.
भांडारकर रोड, झेरॉक्सवाल्याच्या वरचा मजला.
टेबललॅम्प ओढून त्यानं माझे हात उजेडात धरले
आणि बराच वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, नखं जन्मतःच अशी आहेत?
माझ्याबद्दल असं काही कुणी विचारून
किती वर्षं झाली होती.

सही केली. अकरा महिने.
खोली भाड्यानं देतात तसे
मनगटापासून पुढचे दोन्ही हात दिले.
दुसऱ्या कुणाकडे काम करायचं नाही,
भाजून घ्यायचं नाही, कापून घ्यायचं नाही, उन्हात न्यायचे नाहीत.
उन्हाचं एक बरं होतं,
इथं अख्खं गाव कोपरापर्यंत मोजे चढवून गाडी चालवतं,
सिग्नलला माझ्यासारख्या वीसजणी,
कुणाच्या मोज्यात काय आहे, कोण बघतंय.

पहिल्याच महिन्यात काम आलं.
लक्ष्मी रोडवरचे सराफ. पाटल्या, तोडे,
आणि एक अंगठी, बोटात अडकली, साबण लावून काढली.
साडेतीन हजार. त्यातले हजार केदारीचे.

मग दिवाळी गेली. लग्नसराई गेली.
नवरा मिरच्या चिरायला शिकला,
ओल्या नारळाचा कीस विकतचा आला,
रात्री ग्लिसरीन चोपडून झोपायचे
तर चादर ओढायलाही त्यालाच हाक.
दर सोमवारी केदारीला फोन.
बघतो, ताई.
मार्केट थंड आहे, ताई.
सध्या त्यांना जरा तरुण बोटं हवीत, ताई.
पुढे ताईही गेलं, नुसता अंगठा यायला लागला,
पिवळा, सुजलेला, नखाचा पत्ता नाही
आणि त्याला मात्र रोज काम.

आरशासमोर वाक्यं पाठ केली.
करार दोन्ही बाजूंनी असतो.
मला कुठे कुठे दाखवलंत, त्याची यादी द्या.
आवाज चढू द्यायचा नाही, असं ठरवून गेले,
तर दाराला कुलूप.
झेरॉक्सवाला पानं जुळवत म्हणाला,
आत्ताच उतरले की. मागे लोखंडी जिना आहे.

हात हलवत परत निघाले.
दांडेकर पुलाजवळ सिग्नल लागला, वर बघितलं.
माझा डावा हात.
दोन मजले उंच, करंगळीच्या पेरावरचा तीळसुद्धा पुसलेला नव्हता.
तीच अंगठी.
खाली लिहिलेलं, आता चिंचवडलाही.
मोजा काढला, खालचा हात वरच्यासमोर धरला,
मागून हॉर्न, काका ओरडले, वळायचंय की नाही?
गाडी कडेला घेऊन फोटो काढला, केदारीला पाठवला,
हा कुणाचा हात?

उत्तर आलं. अंगठा.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पत्र.
काऊंटरवरच्या बाईनं शिक्का मारता मारता विचारलं,
नोटीस का?
म्हटलं, हो. भाडेकरू काढतेय.
तिनं मान वर करून बघितलं. त्रास देतात हो, म्हणाली.

येताना मंडईतून केळफूल घेतलं.
वर्षभर घरात आलं नव्हतं.
आधी हाताला तेल लावायचं असतं, माहीत आहे मला. लावलं नाही.
फणी सुटी करायची, एकेक फूल उघडायचं,
आतला कडक दांडा आणि तो पापुद्रा काढून टाकायचा.
दुसऱ्या फणीला बोटं तपकिरी,
पाचव्या-सहाव्याला काळी,
नखांच्या कडांना चीक धरला.
नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा,
सुरी मागून घ्यावी की नको, त्याला कळेना.

फोन वाजला. केदारी.
पत्र पोचलं असणार.
हिरवं बटण ओढायला गेले,
चिकाचं बोट काचेवर सरकेना.
बंद झाला. पुन्हा वाजला.

ओजस, घे रे तो.
काय सांगू?
सांग, आईचे हात भरलेत.