बुडाची कड

पूर ओसरला की लगेच ओढ्यावर धावायचं नाही,
ऑर्व्हल टीग म्हणायचा.
गढूळ बसू दे. वाळूला ऊन लागू दे.
मग सकाळी, सूर्याकडे तोंड करून चालायचं,
म्हणजे ओला चर्ट स्वतःच डोळा मारतो.

स्कूल बसची पहिली फेरी संपवून
मी टर्नबो क्रीकच्या वळणावर गाडी लावायचे.
जमीन हटनची. त्याची अट एवढीच:
फाटक लाव, गाई बिचकवू नको.

पहिलं वर्षभर मी नुसती फसले.
सिकॅमोरचं कुजकं पान. शिंपल्याचा तुकडा.
नांगराच्या फाळानं उडवलेली ढलपी.
एकदा बिअरच्या बाटलीची तपकिरी काच,
तिला खाचासुद्धा होत्या.
ऑर्व्हलनं ती खिशात घातली.
'चौऱ्याहत्तरची,' म्हणाला. 'माझीच.'

मग मार्चमध्ये, गुडघाभर पाण्यात,
मुळांच्या जाळीत अडकलेलं ते.
मेणाच्या रंगाचं, बोटभर, टोक मोडलेलं.
मी ओरडले, 'बाणाचं पातं!'
कानानं अधू माणूस, पण हे ऐकू आलं त्याला.
'बाण कुठला? धनुष्य यायला
अजून आठेक हजार वर्षं होती.'
चष्मा कपाळावर ढकलून उलटंसुलटं केलं.
'डाल्टन. बूड बघ, आत वळलेलं, माशाच्या शेपटीसारखं.
आधी भाला. मग सुरी. मग कातड्याची आरी.
धार लावून लावून एवढंसं उरलं,
तरी कुणी टाकलं नाही.'

मग माझ्या अंगठ्याचं नख
पात्याच्या कडेवरून फिरवलं. करवत.
बुडाच्या कडेवरून. गुळगुळीत.
'मुद्दाम घासलीय.
बांधायच्या जागी धार ठेवली
तर आपलीच गाठ आपण कापतो.'

त्याची मुलगी रोवेना टल्साला.
अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गावाला ठाऊक होतं,
का ते तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितलेलं.
मी काही बोलले नाही. तोही नाही.
बुटात पाणी शिरलं होतं.
त्यानं बुटाला शिव्या दिल्या.

ऑक्टोबरात ती आली, घर रिकामं करायला.
सिगारच्या एक्केचाळीस पेट्या,
प्रत्येक दगडाखाली सुताराच्या पेन्सिलीनं
ओढा, तारीख, जात,
आणि बऱ्याच ठिकाणी: 'बहुतेक'.
'यातलं खरं कुठलं?' तिनं विचारलं.
मी म्हटलं, बहुतेक सगळंच.

शेवटच्या पेटीत ती काच.
टर्नबो क्रीक. बाटली. सापडली इनेझला.
माझं नाव त्यानं असं, तारखेच्या आधी लिहिलेलं.

रोवेनानं काच उचलली
आणि कुणी न शिकवता
नख फिरवलं कडेवरून, पूर्ण एक फेरी.
'ही कुणी घासली?'
'ओढ्यानं,' मी म्हटलं. 'वीसेक वर्षं लागली असतील.'

बाकी पेट्या तिनं मोजून गाडीत चढवल्या.
काच मात्र पेटीत परत ठेवली नाही.