शाई वाळेपर्यंत

प्रभू, मी एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होतो,
तुला माहीत आहेच, तरी सांगतो.
नाशिकरोडचा भोंगा झाला की डबा उचलायचो,
संध्याकाळी अंगझडती देऊन
रिकाम्या खिशांनी जेल रोडला घरी.
कोट्यवधी रुपये या बोटांखालून गेले,
त्यातला एकही माझा नव्हता.

एक बाजू छापली की कागद थप्पीत पडून राहायचे.
दोन दिवस, कधी तीन. पावसाळ्यात जास्तच.
नवी पोरं घाई करायची,
कोपऱ्याला बोट लावून बघायची.
आमचे फोरमन तुपसुंदर ओरडायचे:
हात काढ! वाळते तेव्हा वाळते.
बोट लावलंस तर तुझा ठसा राहील,
नोट राहणार नाही.

हेच मी पुढे कितीजणांना शिकवलं.
तुझ्यापाशी आलो तेव्हा विसरलो.

चार वर्षं झाली, सुवार्ताचे शब्द गेले.
महिला मंडळात जिची प्रार्थना
चहा गार होईपर्यंत चालायची,
तिच्या तोंडात एकच उरला: बरं.
दूध उतू गेलं, बरं.
धाकटा भाऊ वारला, बरं.
डॉक्टर म्हणाले, यापुढे फार सुधारणा नाही.
तिनं मान हलवली. बरं.

आणि मी रोज पहाटे साडेचारला,
मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत असताना,
तिची झोप मोडू नये म्हणून
मोरीच्या दारापाशी गुडघे टेकून
तुझ्या कोपऱ्याला बोट लावून बघत होतो.
वाळली का? आज तरी वाळली का?
उपास धरले. शुक्रवारचे, मग बुधवारचेही.
सौदा केला: पेन्शनचा दशांश, मग पाचवा हिस्सा.
एकदा तर, लाज वाटते, वही काढून तुला दाखवली,
कोणत्या तारखेला काय मागितलं,
आणि समोरचा रकाना कोरा.
तू काही बोलला नाहीस.
घरात आधीच एक जण बोलत नव्हतं.

गेल्या रविवारी अर्पणाचं गीत सुरू झालं.
ओबद्या थोरात थैली घेऊन बाकाबाकाशी थांबत येत होता,
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हळूच चालतो.
मी पन्नासची नोट काढून ठेवली होती,
सवयीनं आधी उजेडाकडे धरून पाहिली,
जणू तू परत पाठवली असतीस.
थैली सुवार्तापुढे आली.
तिनं डावा हात आत घातला. रिकामा.
आणि बाहेर काढला नाही.

ओबद्या थांबला.
मी तिचं मनगट हलकेच ओढलं. ती ढिम्म.
पेटीवरच्या शलोमीनं तेच कडवं पुन्हा धरलं,
मग तेही संपलं.
पंखा कुरकुरत होता. मागे कुणाचं तरी बाळ.
पाळक वेदीपाशी उभे, हात तसेच पसरलेले.
तिचा हात त्या मखमलीत,
चिल्लर आणि घामट नोटांमध्ये,
आणि ओबद्या, दुखऱ्या पायावर भार देऊन,
थैली दोन्ही हातांनी धरून,
लहान मूल पाणी पितं तोवर
कुणी तांब्या धरून राहावं तसा.

मग ती म्हणाली, बरं.
मला नाही. ओबद्यालाही नाही.

आज पहाटे उठलो. वही काढली नाही.
मालगाडी गेली. गुडघे दुखायचे तेवढे दुखले.
काय मागायचं ते आठवत होतं,
मागितलंही, खोटं कशाला बोलू.
मग स्वतःलाच ठेवून दिलं तुझ्या थप्पीत,
छापलेली बाजू खाली, कोरी वर,
आणि बोट कुठेच लावलं नाही.